मॅन्युअल लॉकिंग हब: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर, पुढच्या अ‍ॅक्सलच्या आवाजासकट

लॉकिंग हब म्हणजे पुढच्या चाकाला त्याच्या शाफ्टशी जोडणारा (लॉक) किंवा त्यापासून सोडवणारा (फ्री) भाग; मॅन्युअलमध्ये ते चाकावरची डायल हाताने फिरवून होतं. आधी निकाल सांगतो. हब चांगले आहेत, सोबतचं किट कंजूष आहे, आणि पुढच्या अ‍ॅक्सलचा आवाज शोधायला याहून स्वस्त हत्यार नाही. गाडी जुनी, पार्ट-टाइम फोर-बाय-फोर (चारही चाकांना ओढ हवी तेव्हाच), पुढे सलग अ‍ॅक्सल, नकलमध्ये (चाक वळवणाऱ्या सांध्यात) बॉलवाला सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकालाही ओढ पोचवणारा, नकल ज्यावर वळते त्या किंगपिनला बेअरिंग, डिफरेन्शियल ओपन, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने मोकळं फिरू देणारं. ऑटोमॅटिक हब काढून हे बसवले. इंधन वाचतं म्हणून विकतात; वाचत असेलही थोडंफार, पण त्यासाठी मी यांना एक तारासुद्धा दिला नसता.

पुढून आवाज यायला लागला आणि गाडी जॅकवर चढायच्या आधीच गॅरेजने अ‍ॅक्सल ओव्हरहॉलचं एस्टिमेट हातात ठेवलं. सीव्ही, बेअरिंग, सील, क्राउन-पिनियन (डिफरेन्शियलचे मुख्य गिअर), सगळं एकाच यादीत. एवढं उघडायचं तर आवाज कशाचा हे आधी कळायला नको का? हबची डायल फिरवून ते घरच्या घरी कळतं.

दोन्ही हब फ्री आणि ट्रान्सफर (पुढे-मागे ओढ वाटणारा गिअरबॉक्स) टू-हायवर, म्हणजे ओढ फक्त मागच्या चाकांना, असेल तर पुढे फक्त चाक, हब, डिस्क आणि व्हील बेअरिंग फिरतं. आवाज इथेही असेल तर डिफरेन्शियलला हात लावायचं कारणच नाही. मग ट्रान्सफर टू-हायवरच ठेवून दोन्ही हब लॉक करा. आता हाफ शाफ्ट, सीव्ही, डिफरेन्शियल आणि ट्रान्सफरपासून डिफरेन्शियलपर्यंतचा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट फिरतात, पण त्यांच्यावर ओढ नसते, त्यामुळे कोरड्या डांबरावरही हे चालतं. तिसरी पायरी फोर-हायची (ओढ चारही चाकांना), फक्त मोकळ्या मातीवर: भाग तेच, पण लोडखाली. फुल लॉकवर, म्हणजे स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून, गोल फिरताना कटकट येते आणि ओढ वाढवली की वाढते, ती सीव्हीची.

याच्या पुढची युक्ती कोणी सांगत नाही. एकच हब लॉक करून टू-हायमध्ये हळू चालवा. डिफरेन्शियल ओपन असल्यामुळे त्या बाजूचा शाफ्ट चाकाबरोबर फिरतो, दुसऱ्या बाजूचा आतल्या आत उलटा फिरतो, आणि प्रॉपेलर शाफ्ट जवळजवळ थांबून राहतो. दोन्ही हब लॉक असताना येणारा आवाज एकच लॉक केल्यावर गेला, तर संशय प्रॉपेलरचे क्रॉस (टोकांचे सांधे) आणि क्राउन-पिनियन यांच्यावर. राहिला, तर शाफ्ट आणि सीव्हीवर. मात्र उलटा फिरणारा शाफ्टही आवाज करू शकतो, म्हणून दोन्ही बाजू आलटून पालटून बघायच्या. अंतर थोडकं, वेग कमी, कारण या वेळी स्पायडर गिअर (डिफरेन्शियलच्या आतले लहान गिअर) सतत फिरत असतात. डिफरेन्शियल ओपन नसून लिमिटेड-स्लिप किंवा लॉकरवालं (दोन्ही बाजू एकमेकींशी बांधणारं) असेल तर हा प्रयोग करू नका.

आवाज मोजताही येतो. साधारण २८ इंची टायर ताशी १० किलोमीटरला सेकंदाला सव्वा फेरी मारतो. अ‍ॅक्सल रेशो ४.१ (चाकाच्या एका फेरीला प्रॉपेलरच्या ४.१) असेल तर प्रॉपेलर त्याच वेळात पाचेक फेऱ्या मारतो. मोजता येईल अशी सावकाश टकटक चाकाकडची. भराभर चिवचिव असेल तर कोरडा पडलेला क्रॉस.

हब फ्री असतानाची घरघर बहुधा बेअरिंगची, पण टायर आधी बाद करा. खडबडीत झिजलेला मड टायर हुबेहूब बेअरिंगसारखा गुरगुरतो. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो आणि पुढचे टायर मागे टाकले की मागे जातो. बेअरिंग रस्त्याला जुमानत नाही. डावीकडे वळताना वाढलं तर उजवं तपासा, कारण भार तिकडे जातो. चाक उचलून वर-खाली हलवा. प्ले (सैलपणा) असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. आडवा हलवल्यावरच प्ले जाणवत असेल तर टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा) बघा. गाडी घोडीवर (स्टँडवर) टेकवल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

बेअरिंग सैल निघालं म्हणजे बदलायलाच हवं असं नाही. आतला नट हब दोन्हीकडे फिरवत आवळायचा म्हणजे रोलर बसतात, मग सैल करून मॅन्युअलमधल्या टॉर्कला परत आवळायचा, लॉक वॉशर, बाहेरचा नट. बाहेरचा नट आवळल्यावर प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब) पुन्हा तपासा, तो थोडा वाढलेला असतो. नट छिन्नी-हातोड्याने फिरवू नका, योग्य सॉकेट आणा. लॉक वॉशरची पाकळी एकदा दुमडली की दुसऱ्यांदा नीट धरत नाही, नवीनच टाका.

आता माझ्या खऱ्या रागाकडे येतो: सर्क्लिप. बाहेरच्या शाफ्टच्या टोकाला खाचेत बसणारी एवढीशी रिंग. हबच्या किटमध्ये कागदी गॅस्केट होतं, चकचकीत स्टिकर होते, सर्क्लिप नव्हती. जुनी काढताना फाकते, आणि मग मेकॅनिक तीच परत बसवतो किंवा बसवतच नाही. ती नसली तर शाफ्ट आत-बाहेर सरकतो, आणि पहिला गिअर ते रिव्हर्स करताना किंवा फुल लॉकला ठक्क आवाज येतो. एस्टिमेटमध्ये हाच आवाज 'सीव्ही गेला' म्हणून लिहिलेला होता! हबची टोपी काढा, शाफ्टच्या टोकाला आटे असतात त्यात बोल्ट घालून शाफ्ट बाहेर ओढा, नवी सर्क्लिप खाचेत बसली की ठक्क बंद. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम.

सुरुवातीला हबच्या दर्जावरही माझा आक्षेप होता: डायल लॉकवर, तरी निघताना करकर. ते मत आता मागे घेतो. करकर अर्धवट एंगेज होण्याची असते, आणि आत ग्रीस कोंबलं की चाक आणि शाफ्ट जोडणारी क्लच रिंग सरकायला अडते. हबच्या आत ग्रीसचा पातळ हात पुरतो. माहितीपत्रकात नुसतं 'ग्रीस लावा' छापलंय, किती ते नाही.

खरोखर सीव्ही कटकटत असेल तरी लगेच विकत घेऊ नका. काही गाड्यांमध्ये डावा-उजवा जॉइंट सारखाच असतो आणि आतल्या शाफ्टवरून निघतो. तो बाजू बदलून बसवला की बॉल खाचेच्या न झिजलेल्या कडेवर ओढ घेतात आणि जॉइंट बराच काळ गप्प राहतो. बॉल किंवा पिंजऱ्याला तडा असेल तर मात्र नवाच. नकल उघडलीच आहे तर ग्रीस बघा: पातळ, गिअर ऑइलचा वास येणारं असेल तर आतलं सील गेलंय. सील बदलण्याआधी अ‍ॅक्सलचा ब्रीदर (हवा बाहेर जायची नळी) फुंकून बघा. तो चिखलाने बुजला की गरम अ‍ॅक्सलमधली हवा सीलमधून वाट काढते आणि नवं सीलही टिकत नाही. नकलमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं ग्रीस, डिफरेन्शियलमध्ये बहुतेक ठिकाणी जीएल-५ ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल.

हब लॉक केल्यावरच किंचाळणारा आणखी एक भाग म्हणजे स्पिंडलच्या (व्हील बेअरिंग ज्यावर बसतात त्या पोकळ दांड्याच्या) आतला बुश. शाफ्ट त्यात फिरतो आणि बेअरिंगचं ग्रीस तिथे पोचत नाही, त्याला वेगळं द्यावं लागतं. महिनोन्‌महिने हब फ्री ठेवले तर बुशही कोरडा पडतो आणि सीव्हीही, म्हणून महिन्यातून एकदा हब लॉक करून टू-हायमध्ये १५-२० किलोमीटर चालवा.

पाचपैकी चार तारे. उरलेला तारा सर्क्लिप किटमध्ये आली की देईन. तोवर हबबरोबर सर्क्लिपची जोडी आणि दोन लॉक वॉशर वेगळे मागवा, आणि डायलची ओ-रिंगही, कारण धुळीत पहिली तीच कडक होते.