बेरिॲट्रिक ऑपरेशनच्या आधीची तयारी: पुण्यातल्या एका विभागाला माझे पाचपैकी चार

पाचपैकी चार गुण. एक का कापला ते पुढे सांगते. बेरिॲट्रिक म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर करतात ते ऑपरेशन. हे मत त्या ऑपरेशनबद्दल नाही. ऑपरेशनच्या आधी तपासण्या आणि खाण्यापिण्याची जी तयारी करून घेतात, तिच्याबद्दल आहे. रुग्णालयाचं नाव इथे टाकत नाही. तुम्ही कुठेही गेलात तरी काय बघायचं, काय विचारायचं हे कळावं एवढ्यासाठी लिहितेय.

मी कोल्हापुरात डबे पुरवते. दिवस चुलीपुढेच जातो. उंची १५५ सेंटीमीटर, वजन ११२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४६.६. मधुमेह जुना, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ८.४, रात्री घशाशी आंबट येणं नेहमीचं, आणि जिना चढताना गुडघे बोलायचे. डाएट, चालणं, गोळ्या सगळं करून झालं होतं. आपल्याकडचे सर्जन साधारणपणे बीएमआय ३७.५ च्या वर असेल, किंवा ३२.५ च्या वर असून मधुमेहासारखा आजार सोबत असेल, तर या ऑपरेशनचा विचार करतात. विम्याचं गणित वेगळं आहे. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या अटींप्रमाणे बीएमआय ४० किंवा जास्त लागतो. ३५ च्या वर असेल तर सोबत ताब्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबण्याचा आजार) असावा लागतो. डॉक्टर ऑपरेशनला हो म्हणाले म्हणजे विमा कंपनीही हो म्हणेलच असं नाही, हे आधीच समजून घ्या.

या विभागाची मला पटलेली पहिली गोष्ट म्हणजे सर्जननी पहिल्या भेटीत तारीख दिली नाही. दुसऱ्या एका ठिकाणी फोनवरच "पुढच्या आठवड्यात करून टाकू" असं ऐकलं होतं. इथले सर्जन म्हणाले, "तारीख तुमचे रिपोर्ट ठरवतील." तेव्हा थोडं नाराज व्हायला झालं, पण पुढे एकेक रिपोर्ट येत गेला तसं त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते कळत गेलं.

रक्ताच्या तपासण्यांची यादी लांबलचक होती. हिमोग्लोबिन, साखर, यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड ही नेहमीची नावं आणि त्याशिवाय फेरिटिन (लोहाचा साठा), फोलेट, बी१२, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन (कॅल्शियम सांभाळणारं). ही दुसरी यादी गाळू देऊ नका. बायपासनंतर (हृदयाचं नव्हे, जठराचा छोटा कप्पा करून तो पुढच्या आतड्याला जोडतात ते; माझं हेच झालं) लोह, कॅल्शियम आणि बी१२ शरीरात नीट शोषलं जात नाही, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. आधीच खड्ड्यात असाल तर तो खड्डा ऑपरेशनच्या आधी भरून घ्यायला हवा. माझं डी ११ होतं आणि बी१२ दोनशेच्या खाली. दोन्हींचे डोस लगेच सुरू झाले. सोनोग्राफीत यकृतावर ग्रेड २ चरबी दिसली, पित्ताशयात खडे नव्हते.

मग एन्डोस्कोपी. बऱ्याच जणी विचारतात, पोटात दुखत नाही तर घशातून नळी कशाला घालायची? आमच्या पोटविकार डॉक्टरांनी कागदावर जठर काढून दाखवलं. बायपासमध्ये वरचा छोटासा कप्पा वापरात राहतो, जठराचा उरलेला मोठा भाग बाजूला पडतो. एकदा ऑपरेशन झालं की त्या भागात साधी दुर्बीण पोहोचत नाही. काय बघायचं ते आधीच बघावं लागतं. शिवाय अन्ननलिकेची सूज किंवा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) निघाला तर स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून उरलेल्याची नळी करणं) करायचं की बायपास, हा निर्णयच बदलतो. माझ्या आंबट ढेकरांमुळे आणि मधुमेहामुळे बायपास ठरलं, ते या रिपोर्टनंतर. बायोप्सीत एच. पायलोरी हा जंतूही सापडला. दोन अँटिबायोटिक आणि ॲसिड कमी करणारी गोळी, असा १४ दिवसांचा कोर्स झाला. त्यानंतर चार आठवडे थांबून शौचाची तपासणी केली आणि जंतू गेल्याची खात्री करून घेतली. ऑपरेशन त्यामुळे पुढे गेलं. त्या जंतूने जठराला व्रण होतात, आणि बायपासनंतर नवीन जोडाच्या जागी व्रण झाला तर ते दुखणं फार त्रासाचं असतं. थांबले ते बरंच झालं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो स्लीप स्टडीचा. माझं घोरणं घरात सगळ्यांनी गृहीत धरलेलं. भूलतज्ज्ञ बाईंनी माझ्याकडे न बघता आमच्या मिस्टरांना विचारलं, "झोपेत यांचा श्वास मध्येच थांबतो का?" ते पटकन म्हणाले, "थांबतो. मी हलवून जागं करतो." एवढ्यावर बाईंनी तपासणी लिहून दिली. रात्री झोपायच्या खोलीत तंत्रज्ञ मुलीने डोक्यावर चिकट मलम लावून तारा बसवल्या, छातीला आणि पोटाला पट्टे बांधले, नाकापाशी बारीक नळी, बोटाला चिमटा. इतक्या जंजाळात झोप कसली लागणार असं वाटलं, पण लागली. रिपोर्टमध्ये तासाला ३८ वेळा श्वास थांबतो किंवा कमी होतो असं आलं. तासाला ३० च्या वर गेलं की तीव्र. ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत उतरत होता. हे माहीत नसताना भूल दिली असती तर? हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही. सीपॅपचं मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत श्वासनलिका उघडी ठेवणारं) भाड्याने घेऊन ऑपरेशनपर्यंत रोज रात्री वापरायला लावलं. पहिले काही दिवस मास्कने गुदमरायला होतं, पण नंतर सकाळी डोकं जड नसणं म्हणजे काय ते समजलं. दुपारी भाजी चिरताना डुलकी यायची, ती थांबली.

त्याच भूलतज्ज्ञ बाईंनी मानेचा घेर मोजला, तोंड उघडून जीभ बाहेर काढायला लावली, मान मागे किती जाते ते पाहिलं. तीन गोळे असलेलं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र हातात दिलं आणि समोर बसवून शिकवलं. फुंकायचं नाही, सावकाश आत ओढायचं.

मधुमेहाच्या डॉक्टरांबद्दल स्वतंत्रपणे लिहायलाच हवं. माझ्या गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन होती. पातळ आहार सुरू व्हायच्या आधीच त्यांनी ती बंद केली. जेवण इतकं कमी करताना ही गोळी चालू राहिली, तर मीटरवर साखर फार वाढलेली दिसत नसतानाही रक्तात किटोन (चरबी जळताना बनणारे पदार्थ) आणि ॲसिड वाढू शकतं, आणि ते जिवावर बेततं. ग्लिमेपिराइडही थांबवली, नाहीतर साखर एकदम खाली गेली असती. तुमच्या मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी घेऊन जा आणि "आहार सुरू झाल्यावर यातलं काय बंद करायचं?" असं स्वतःहून विचारा. स्वतःच्या मनाने मात्र काहीही बंद करू नका.

आता आहार. ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे ८०० ते १००० कॅलरी आणि ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन, बहुतेक पातळ. हेतू वजन उतरवण्यापेक्षा यकृत लहान करण्याचा. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तो उचलून धरावा लागतो. चरबीने फुगलेलं यकृत जड आणि ठिसूळ, उचलताना रक्तस्राव व्हायची भीती. खाणं कमी केलं की आधी त्यातली साठवलेली साखर आणि तिच्यासोबतचं पाणी जातं, मग चरबी.

छापील तक्ता इंग्रजीत होता आणि त्यात ब्रोकोलीचं सूप, अव्होकाडो असलं काहीबाही. आहारतज्ज्ञ मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिने तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "काकू, तुमच्या घरी पातळ असं काय काय होतं?" मी सांगितलं, ताक, मुगाचं कढण, दुधीचं सार, अळणी. अळणी तिला माहीत नव्हती. मी तिला समजावलं की आमच्याकडे मटण शिजवलं की तिखट-मसाला पडायच्या आधीचं जे पाणी असतं ते. तिने लगेच वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, "चालेल, पण चिकनची करा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, वर चरबीचा थर गोठेल तो सगळा काढून टाका. आणि हिशेबात प्रोटीन म्हणून धरू नका, पाण्यात ते फारसं उतरत नाही." मग तिने मराठीत नवा तक्ता लिहिला. सकाळी साय काढलेल्या दुधात प्रोटीन पावडर, अकराला गाळलेलं ताक, दुपारी मुगाचं कढण, संध्याकाळी पुन्हा पावडर, रात्री दुधीचं सूप किंवा अळणी. मध्ये मध्ये पाणी, दिवसभरात दोन लिटर. चहा बिनसाखरेचा. पांढऱ्या रश्श्याचं विचारलं तर खोबरं आणि तेलामुळे सरळ नाही म्हणाली.

पहिले तीन-चार दिवस कठीण जातात. डोकं ठणकतं, चिडचिड होते, फोडणीचा वास आला की जीव कासावीस होतो. आणि मला तर फोडण्या रोजच घालायच्या. इथे मानसतज्ज्ञांचा उपयोग झाला. त्यांनी "तुम्ही दुःखी असता का?" वगैरे विचारण्याऐवजी विचारलं की दिवसभरात भांड्यातून चाखण्यासाठी किती वेळा हात जातो. आमटी, भाजी, मीठ बघायला, चटणी बघायला. ती चव कुठल्याच जेवणात मोजली जात नव्हती. त्यांच्या सांगण्यावरून चव बघायचं काम मी आमच्याकडे चपात्या लाटायला येणाऱ्या मावशींकडे दिलं. पंधरा वर्षं ज्या हाताच्या चवीवर गिऱ्हाईक टिकलं, ती चव दुसऱ्याच्या जिभेवर सोपवायची हे मला जेवण सोडण्यापेक्षा जड गेलं. मावशींनी मन लावून केलं. एकाही डब्याची तक्रार आली नाही.

छोट्या चमच्याने, घोट घोट, जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. ही सवयही आहारतज्ज्ञांनी आधीच लावून घेतली. ऑपरेशननंतर ती शिकायला त्राण नसतं.

आता तक्रारी. वजनाचा काटा बाहेरच्या व्हरांड्यात, आणि मदतनीस आकडा मोठ्याने सांगून लिहून घेतो. बायका मान खाली घालून उतरताना मी पाहिल्या आहेत. एक पडदा लावायला किती खर्च येतो? बेरिॲट्रिक विभागात खुर्च्या रुंद, बिनहाताच्या. पण सोनोग्राफीला गेलं की त्याच अरुंद, हातांच्या खुर्च्या, त्यामुळे उभंच राहावं लागतं. प्रोटीन पावडर औषधांच्या दुकानात एकाच कंपनीची ठेवलेली आणि महागडी. आहारतज्ज्ञांना विचारल्यावर त्या म्हणाल्या, दुसरी चालेल, डब्यावर एका मापात २० ग्रॅमच्या वर प्रोटीन आणि साखर नाममात्र एवढं बघा. हे त्यांनी आपणहून सांगायला हवं होतं. आणि पॅकेज. त्यात "तपासण्या समाविष्ट" असं म्हटलं होतं, पण बायोप्सी, स्लीप स्टडी आणि जंतूची दुसरी तपासणी वेगळी लागली. कापलेला गुण मुख्यतः याचा आणि त्या वजनकाट्याचा.

भरती झाले तेव्हा वजन १०६ होतं. ऑपरेशननंतर सर्जन राउंडला आले आणि आहारतज्ज्ञ मुलीसमोरच म्हणाले की यकृत छान मऊ आणि आकसलेलं मिळालं, काम सोपं झालं. तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडून जाणाऱ्यांनी पहिल्याच भेटीत सगळ्या तपासण्यांची तारखांसकट चिठ्ठी आणि पॅकेजबाहेर काय काय लागेल ते लेखी मागून घ्या. रक्त, सोनोग्राफी आणि एन्डोस्कोपी तिन्हीला उपाशीपोटी जावं लागतं. आधी सांगितलं तर एकाच सकाळी लावून देतात. स्लीप स्टडी त्याच रात्री ठेवली तर लॉजचे पैसे वाचतात. आहारतज्ज्ञांची भेट व्हिडिओवर होते, पण पहिली मात्र समोरासमोर घ्या, आणि घरात स्वयंपाक जो करतो त्याला सोबत न्या.