३६,५०० रुपयांचं फ्रंट हाउसिंग आणि न उघडलेलं झाकण

आधी आकडे. जुन्या जीपचं फ्रंट हाउसिंग, म्हणजे पुढच्या चाकांमधला गिअरसकट आख्खा एक्सल, त्याचे ३६,५००. ट्रान्सपोर्टचं भाडं २,८५०. हमाली ३००. किंगपिन बेअरिंग आणि सील २,४६०. नव्वद नंबरचं गिअरचं तेल १,१५०. नंतर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) उघडावी लागली, तिचे ९,२००. एकूण ५२,४६०. घरी मी पस्तीस सांगितलेत, तेव्हा ओळखीच्यांनी कृपा करून तोंड उघडू नका.

गाडी महिंद्राची जीप, एमएम ५४०, १९९४ची, प्यूजो इंजिनवाली. सतरा वर्षं ती मी अंगणातच उघडतो आणि अंगणातच जोडतो. क्लच प्लेट, किंगपिन, ब्रेकचे सिलिंडर, सगळं घरी. हे मिरवायला सांगत नाही. ‘अहो, माहिती नसताना कशाला हात घालायचा’ असं मला आतापर्यंत चौघांनी ऐकवलंय, म्हणून सांगतोय. मला माहिती होती. पुढच्या आणि मागच्या एक्सलचा रेशो, म्हणजे शाफ्टच्या किती फेऱ्यांत चाक एकदा फिरतं तो आकडा, एकच लागतो हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तरी फसलो.

जुनं हाउसिंग दगडावर आपटून वाकलं होतं, टायर एका बाजूने खात होतं. पाटण तालुक्यात शेत आहे, शेवटचा दीड किलोमीटर मातीचा. पाऊस लागला की फोर बाय फोरशिवाय तिथे जाता येत नाही. मे उजाडला होता आणि मला घाई होती. घाई असलेलं गिऱ्हाईक या लोकांना लांबून वास येऊन कळतं.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. ऑनलाइन जाहिरात, ‘लष्कराच्या लिलावातला माल’, आणखी दोघं लाइनीत आहेत, टोकन टाका म्हणजे बाजूला ठेवतो. ४२,००० सांगितले, ३६,५००ला सौदा ठरला. ५,००० टोकन, आणि ९ मेला उरलेले ३१,५००. (खरंच लिलावाचा माल असेल तर डिलिव्हरी ऑर्डर असते. तिचा फोटो मागा. मी मागितला नाही.)

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडाली ती. पैसे टाकण्याआधी मी विकणाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर स्पष्ट लिहिलं होतं, ‘माझं मागचं क्राउन-पिनियन ८-३९ आहे. झाकण उघडून क्राउनच्या कडेवरच्या आकड्याचा फोटो पाठवा.’ (पिनियन या छोट्या गिअरला ८ दात, क्राउन या मोठ्याला ३९. भागाकार म्हणजे रेशो.) दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. पाच मिनिटांनी फोन. ‘दादा, सेमच आहे, एमएम ५४०चंच काढलेलं. झाकणाचं पॅकिंग कालच नवीन टाकलंय, उघडलं तर तेल सांडेल, परत पॅकिंग लागेल.’

आणि मी म्हटलं, बरं.

पॅकिंग. कागदाचं पॅकिंग, जे मी स्वतः जाड पुठ्ठ्यावर पेन्सिलने झाकण गिरवून कात्रीने कापतो. त्यासाठी मी साडेछत्तीस हजारांचा माल न बघता घेतला. तो माणूस लेखी प्रश्नाला एकदाही लेखी उत्तर देत नव्हता, हेही माझ्या लक्षात आलं नाही. किमतीचा मेसेज, खात्याचा मेसेज, लगेच. रेशोचं विचारलं की फोन. तुमच्याशी कुणी असं वागला तर तिथेच थांबा.

त्याने व्हिडिओही पाठवला होता. हाउसिंग विटांवर ठेवलंय, एका बाजूचा हब (चाक बसतं तो भाग) विटेला टेकून अडकलाय, तो हाताने फ्लँज (शाफ्ट जिथे जोडतात ती चकती) फिरवतोय आणि दुसरा हब फिरतोय. फ्लँजवर आणि हबवर पिवळ्या रंगाचा एकेक ठिपका. आवाज नाही, प्ले म्हणजे ढिलेपणा नाही, म्हणून मी खूश. नंतर तोच व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते मोजलं नाही, पण फेरे मोजले. एक हब अडकलेला असताना दुसरा दोन फेरे फिरला की फ्लँजचे जेवढे फेरे होतात तोच रेशो. ८-३९ असेल तर पाचव्या फेऱ्याला थोडं कमी पडायला हवं. इथे पाच पूर्ण होऊन ठिपका पुढे तिसऱ्या हिश्शाच्याही वर गेलेला दिसतो. उत्तर माझ्या फोनमध्ये पडलं होतं. त्यानेच पाठवलं होतं.

१५ मेला माल आला. काळा चकचकीत रंग. बिल्टीवर पाठवणाऱ्याच्या जागी फक्त ‘सेल्फ’. भाच्याला हाताशी घेऊन दोन रविवारांत बसवलं. तेव्हाही झाकण उघडलं नाही, कारण ‘पॅकिंग नवीन आहे’! आणि जुनं हाउसिंग अंगणात अडचण करतं म्हणून भंगारवाल्याला दिलं. ३८ रुपये किलो, ७१ किलो, २,६९८ रुपये. त्यातलं क्राउन-पिनियन शाबूत होतं. ते असतं तर आज एवढं लिहायची वेळ आली नसती. नवीन पार्ट चिखलात चालून दाखवेपर्यंत जुना घराबाहेर काढू नका.

साध्या टू व्हीलमध्ये काही कळत नाही, पुढच्या हाउसिंगमधले गिअर नुसते मोकळे फिरत राहतात. ७ जूनला शेताच्या चढावर फोर बाय फोरचा लिव्हर टाकला. गाडी दहा-बारा फूट गेली, मग हुंदके द्यायला लागली आणि खालून ‘टण्ण’ असा आवाज आला. लिव्हर बाहेर येईना. रिव्हर्समध्ये ढकलल्यावर सुटला. मागची चाकं दहा फेरे घेतात तेवढ्यात पुढची जेमतेम नऊ, मधला ताण ट्रान्सफर केसने सोसला. घरी येऊन झाकण उघडलं. क्राउनवर स्वच्छ आकडे, ८-४३. नवीन पॅकिंग नव्हतंच, नुसतं सिलिकॉन फासलं होतं. आणि एका बोल्टखाली पत्र्याचा कापलेला तुकडा अडकला होता. रेशो लिहिलेली पत्र्याची पट्टी तिथे होती आणि कुणीतरी ती पकडीने कापून काढली होती. म्हणजे चूक नव्हे. त्याला माहीत होतं.

फोन केला. आधी म्हणाला, तुमचंच मागचं बदललेलं असेल. मग म्हणाला, माल परत पाठवा, पोचला की पैसे टाकतो. (पाठवू नका. माल तुमच्याकडे आहे तोवर निदान पुरावा तुमच्याकडे आहे.) मग ब्लॉक.

पोलीस ठाण्यात गेलो. पैसे यूपीआयने गेले म्हटल्यावर, ‘मग सायबरला जा.’ सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, १९३०, लावली. तिथे पहिला प्रश्न, पैसे कधी गेले. एकोणतीस दिवस झालेत म्हटल्यावर पलीकडचा आवाजच थंड झाला. दुसरा प्रश्न, माल मिळाला का. मिळाला. ‘मग ही सायबर फसवणूक नाही, ठाण्यात जा.’ बँकेत गेलो, तर व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. परत ठाण्यात. हवालदार म्हणाले, ‘काका, गाडी किती सालची? चौऱ्याण्णव? मग भंगारात भंगारच घातलंत की.’ शेजारचे दोघं हसले. चारशेवीसच्या जागी आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आलंय, तेवढं मी वाचून गेलो होतो. तर म्हणे, ही दिवाणी बाब आहे. पट्टी कापल्याचा तुकडा टेबलावर ठेवला तर तो उचलून बघितलाही नाही. वर विचारलं, ‘एक्सल बदललाय, आरटीओची परवानगी आहे का?’ त्याच मॉडेलला तसाच पार्ट बसवणं म्हणजे फेरफार नव्हे, हे मी ओरडून सांगितलं. ओरडायला नको होतं.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, आपल्याच जिल्ह्यात दावा टाकता येतो. पण समोरच्याचं नाव-पत्ता हवा. यूपीआयवर एका मोबाइल दुकानाचं नाव. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, पाठवणाऱ्याची माहिती पोलिसांच्या पत्राशिवाय देणार नाही. पोलीस म्हणतात, तक्रारच नाही तर पत्र कसलं. तक्रार घ्या म्हटलं तर म्हणतात, आरोपीचा पत्ता आणा! या चकरांत माझ्या चार रजा गेल्या. शेवटी लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. ती पोच मिळायलाही सव्वादोन तास. पोचेवर शिक्का आहे, तारीख पुसट.

एसटीने जाऊन-येऊन सहाशे रुपयांत मी तो माल डोळ्यांनी बघू शकलो असतो. बिल्टीवर बुकिंगचं गाव आहे. त्या गावाला मी आजवर गेलेलो नाही.

पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवलाय, गाडी टू व्हीलमध्ये चालते, शेतात चालत जातो. त्याची जाहिरात परवा पुन्हा दिसली, ३८,०००, दुसरं हाउसिंग, तीच कोपरा तुटलेली वीट.

कुणाच्या मागच्या क्राउनवर ८-४३ असेल तर माझ्याकडचं हाउसिंग द्यायचं आहे. बेअरिंग-सील नवीन आहेत. या, झाकण उघडून दाखवतो.