बोलकी जानमाज : चार महिने वापरून

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी नमाज शिकायला घेतली. लहानपणी घरातल्या बायकांच्या मागे उभी राहायचे, त्या वाकल्या की वाकायचे, बसल्या की बसायचे. तोंडात मात्र काहीच नसायचं. पुढे तेवढंही सुटलं. इतक्या वर्षांनी ‘मला येत नाही, शिकवा’ असं कुणाला म्हणायचा धीर होत नव्हता, म्हणून मोठ्या माणसांच्या मापाची ही बोलकी जानमाज, म्हणजे नमाजेचा क्रम आवाजाने सांगणारी चटई, घेतली. आता चार महिने झालेत. माझ्यासारखं उशिरा शिकणारं कुणी असेल, त्याच्यासाठी लिहितेय.

जानमाज जाड स्पंजची आहे. पावलं, गुडघे, तळहात आणि कपाळ यांच्या जागा वेगळ्या रंगाने दाखवल्या आहेत. कडेला पाच बटणं आहेत. फज्र, जोहर, असर, मगरिब, इशा या पाच वेळच्या नमाजांपैकी जे दाबाल त्याच्या फर्ज (सक्तीच्या) रकाती (उभं राहणं, वाकणं, कपाळ टेकणं यांची एकेक फेरी) ती क्रमाने करून घेते : 2, 4, 4, 3, 4. वर एक छोटा दिवा कितवी रकात चालू आहे ते दाखवतो. कपाळ टेकलं, म्हणजे सजदा केला, की त्याची तस्बीह (अल्लाहची स्तुती) ऐकू येते, ती तीनदा झाली की तकबीर (‘अल्लाहु अकबर’).

क्रम शिकवण्यात तिला तोड नाही. दुसऱ्या रकातीनंतर अत्तहियात (बसून म्हणायची प्रार्थना) साठी बसायचं, मगरिबला तिसरीनंतर बसून सलाम फिरवायचा, म्हणजे नमाज संपवायची, इशाला मात्र तिसरीनंतर उठून उभं राहायचं, हे मी पुस्तकात कितीदा वाचलं तरी डोक्यात बसत नव्हतं. इथे पंधरा दिवसांत ते अंगात भिनलं. सजद्याचंही तसंच. सजद्यात सात अवयव जमिनीला लागायला हवेत : कपाळ नाकासकट, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पायांची बोटं. माझी पावलं मागे उचलली जायची आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. जानमाजेवर बोटांच्या जागेलाही दाब कळतो. बोटं उचलली की आवाज थांबतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पहिल्यांदा मी बोटं दुमडून किब्ल्याकडे (मक्केतल्या काबाच्या दिशेला) वळवली, ती तशीच टेकवून ठेवली आणि आवाज शेवटपर्यंत चालू राहिला. मी सजद्यातच रडले.

स्पंजबद्दल एक सांगायला हवं. तो इतका मऊ आहे की कपाळ आत रुतत जातं. सजद्यात कपाळ टेकून स्थिर व्हायला हवं, खाली टणक काही लागायला हवं. मी खालची सतरंजी काढून जानमाज सरळ फरशीवर घातली, मग जमलं. किब्ला दाखवणारं होकायंत्रही आहे, पण लोखंडी कपाटाजवळ ते भलतीच दिशा दाखवतं. खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा दिशा ठरवून घ्या आणि खूण करून ठेवा.

खरी अडचण जिभेची. सोबतच्या पुस्तिकेत सगळं देवनागरीत छापलंय. मराठीत आपल्याकडे ज दोन, जिल्ह्यातला आणि जागेतला, त्यामुळे ज म्हटलं की आपल्याला वाटतं हे तर येतंच. पण रुकूतल्या (कमरेत वाकून म्हणायच्या) ‘अज़ीम’चा, फातिहातल्या (कुराणाच्या पहिल्या अध्यायातल्या) ‘अल्लज़ीना’चा आणि ‘मग़ज़ूब’चा, हे तिन्ही अरबीत वेगळे. एकाला जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला लागतं, एकाला तिथेच लागून तोंड भरून येतं, एकाला जिभेची कड वरच्या दाढांना लागते. पुस्तिकेत तिन्हीखाली एकच नुक्ता. तसंच ‘अल्हम्दु’ आणि ‘इहदिना’ यांतला ह. जानमाज ऐकवते छान, कारीचा (कुराण पढणाऱ्याचा) आवाज स्वच्छ आहे. पण ती तुमचं ऐकत नाही. मी दीड महिना ‘अल्हम्दु’ चुकीचा म्हणत होते आणि ती दर वेळी पुढे जात होती.

शेवटी खालाला, म्हणजे मावशीला, फोन लावला. धीर गोळा करायला दोन दिवस लागले. ती एवढंच म्हणाली, “म्हण बेटा, मी ऐकते.” पहिल्याच शब्दाला तिने थांबवलं. “आरशावर वाफ सोडतेस ना, तसा गळ्याच्या मधून काढ. हा हलका नाही.” फातिहाच्या सात आयती (ओळी) शिकायला आम्हाला सोळा दिवस लागले. अडखळत पढणाऱ्याला दुप्पट सवाब (पुण्य) आहे, हे तिनेच सांगितलं. सजद्यात बायकांनी अंग आवरून, कोपर कुशीशी धरून टेकायचं, हेही तिच्याकडूनच कळलं. जानमाजेवरच्या तळहातांच्या जागा खूप लांब लांब आहेत.

दुसरी तक्रार वेगाची. सजद्यातली तस्बीह मी दुसऱ्यांदा म्हणत असते तोवर तिची तीनदा होऊन तकबीर येते. वेग वाढवायची सोय आहे, कमी करायची नाही. शिकणाऱ्याला नेमकं उलटं हवं. घाईघाईत नमाज पढलेल्या एका माणसाला रसूलुल्लाहांनी (पैगंबर मुहम्मदांनी) तीनदा परत पाठवलं, ‘जा, पुन्हा पढ, तू पढलीच नाहीस’ म्हणून, आणि मग त्याला प्रत्येक ठिकाणी स्थिर व्हायला शिकवलं. वस्तू बनवणाऱ्यांनी निदान इथे तरी घाई करू नये.

सोबतचं ॲप मात्र मी काढून टाकलं. ते सलग दिवस मोजतं. पहिल्या महिन्यात माझे 19 दिवस झाले, मग पाळी आली. त्या दिवसांत नमाज माफ असते, रोज्यांची कजा असते, म्हणजे ते नंतर भरून काढायचे, पण या नमाजांची कजाही नसते. ॲपने आकडा शून्यावर आणला आणि ‘हार मानू नका’ असा संदेश पाठवला. मी काही सोडलं नव्हतं. जो हुकूम होता तोच पाळत होते. हे ज्यांनी बनवलं त्यांनी एकाही बाईला विचारलं नसावं, याचा मला फार राग आला. बनवणाऱ्यांना लिहिलं, ‘नोंद घेतली’ असं उत्तर आलं. अजून तरी काही बदललेलं नाही.

घ्यायची की नाही? क्रम आणि बसणं-उठणं शिकायला जरूर घ्या, एकदोन महिन्यांचा सराव त्यावर करा. पण प्रत्यक्ष नमाज साध्या जानमाजेवर पढा. पुढचा आवाज कधी येतो याकडे लक्ष राहिलं तर नमाजेकडे राहत नाही. आणि पहिल्या आठवड्यापासून कुणातरी जाणत्या माणसाला फातिहा म्हणून दाखवा. मी दीड महिना घालवला, तुम्ही घालवू नका.

माझी बोलकी जानमाज आता घडी करून कपाटात आहे, चांगल्या स्थितीत. खालाबरोबरचा धडा चालू आहे. सध्या सूरह (कुराणातला अध्याय) कौसर, तीनच आयती. काल ‘वन्हर’मधल्या ‘ह’वर तिने मला दोनदा थांबवलं, तिसऱ्यांदा काही न बोलता पुढची आयत सांगितली.