ग्राफिक टी-शर्ट: चित्र आवडलं, पण रोज अंगावर चालेल का?

ग्राफिक टी-शर्ट बहुतेक जण चित्र बघून घेतात. पुढे तो कपाटात पडून राहतो, त्याला कारणं मात्र वेगळीच असतात. छपाई पोटापर्यंत उतरलेली असते, वरून शर्ट घातला की अर्धी अक्षरं गायब होतात, किंवा छातीवर मेणकापड बांधल्यासारखं गरम होतं. त्यामुळे या परीक्षणात चित्रांना गुण दिलेले नाहीत. ज्या चार-पाच तऱ्हांनी हे टी-शर्ट छापले जातात, त्यांतला कोणता जीन्स, मोकळा शर्ट, ब्लेझर, स्कर्ट अशा नेहमीच्या कपड्यांबरोबर आठवड्यातून दोनदा घालता येतो आणि कोणता फोटोपुरताच ठीक, एवढंच बघितलं आहे.

आधी कापड. लेबलवर जीएसएम म्हणून जो आकडा असतो, ते एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १४०च्या आतलं कापड छपाईचं ओझं पेलत नाही. छपाई ताठ राहते, भोवतीचं कापड लोंबतं आणि चित्राच्या कडेने चुण्या पडतात. टी-शर्ट पांढरा असेल तर आतलंही दिसतं. त्याखाली पांढरी बनियन घातली तर ती आणखीच उठून दिसते, त्वचेच्या रंगाची लपते. १६० ते १९० हा रोजच्या वापराचा पट्टा: खोचता येतो, वरून शर्ट चढवता येतो, घामाने लगेच चिकटत नाही. २२०च्या पुढचं जाड कापड ओव्हरसाइज टी-शर्टाला शोभतं, कारण ढगळ कपड्याला स्वतःचा आकार लागतो. पातळ कापडाचा ओव्हरसाइज टी-शर्ट म्हणजे मोठ्या भावाचा उतरलेला कपडा वाटतो.

‘शंभर टक्के कॉटन’ या शब्दांवरून फारसं काही कळत नाही. कॉम्ब्ड लिहिलं असेल तर आखूड तंतू विंचरून काढलेले असतात, त्यामुळे गोळे कमी येतात आणि बारीक रेषांची छपाई स्वच्छ उतरते. बायोवॉश म्हणजे एन्झाइमच्या धुलाईने वरची लव घालवलेली. लव राहिलेल्या कापडावर केलेली छपाई दोन-चार धुण्यांनंतर पांढुरकी दिसायला लागते. रंग गेला असं वाटतं, पण प्रत्यक्षात शाईतून तंतू वर आलेले असतात.

दुकानात अर्ध्या मिनिटात होणारी एक तपासणी आहे. टी-शर्ट दोन्ही खांद्यांना धरून लोंबता सोडा आणि बाजूच्या शिवणी बघा. त्या सरळ खाली न जाता एखादी पुढे वळत असेल तर कापडाला पीळ आहे. होजिअरीच्या जर्सी विणीत धाग्याचा पीळ उलगडायला बघतो, आणि पहिल्या धुण्यानंतर शिवण पोटावर येते. साध्या टी-शर्टात हे खपून जातं. छातीवर चौकोनी चित्र असेल तर ते तिरकं झालेलं दहा फुटांवरूनही कळतं. गळ्याची रिबही (गळ्याभोवतीची ताणणारी पट्टी) दोन बोटांनी ताणून सोडून बघा. ती लगेच मिटली पाहिजे. लाटा राहत असतील तर महिन्याभरात गळा लोंबणार.

आता छपाई. खरा फरक इथे पडतो, आणि विकणारे नेमके इथेच गप्प बसतात.

स्क्रीन प्रिंटमध्ये जाळीतून शाई कापडावर उतरवतात आणि प्रत्येक रंगाची वेगळी जाळी असते, म्हणून मोजके रंग आणि ठळक आकार. शाई प्लास्टिसॉल (प्लास्टिकयुक्त) असेल तर ती कापडावर थर होऊन बसते, रंग गच्च येतो, काळ्या कापडावरचा पांढराही झगझगीत दिसतो. ही शाई हवेत वाळत नाही. साधारण १६० अंश सेल्सिअस उष्णता थराच्या तळापर्यंत पोचली तरच ती पक्की होते. घाईत वरवर भाजलेली छपाई हाताला कोरडी लागते आणि नंतर भेगाळते. हे ओळखायचं कसं? छपाईचा भाग दोन्ही अंगठ्यांनी बेताने ताणा. पक्की छपाई कापडाबरोबर ताणते आणि परत येते. कच्ची असेल तर तडे जातात आणि मागचं कापड डोकावतं. वॉटर-बेस्ड, म्हणजे पाण्यात कालवलेली शाई तंतूंत मुरते, बोट फिरवलं तर छपाई कुठे सुरू झाली ते कळत नाही. गडद कापडावर मात्र ती बुडते. तिथे डिस्चार्ज पद्धत वापरतात: कापडाचा मूळ रंग काढून त्या जागी नवा रंग भरायचा. नव्या टी-शर्टाला उग्र वास येतो, तो पहिल्या धुण्यात जातो. रोज घालायच्या टी-शर्टासाठी आमचा कौल वॉटर-बेस्ड आणि डिस्चार्ज या दोघांनाच. चित्र थोडं मवाळ दिसतं, ते चालवून घ्या. ब्लेझरखाली तो मवाळपणाच उपयोगी पडतो.

डीटीजी म्हणजे प्रिंटरने थेट कापडावर छापलेलं. छायाचित्रं, जलरंगांसारख्या छटा यासाठी उत्तम. गडद टी-शर्टावर आधी एक द्रावण फवारतात, त्याचा फिकट चौकोन चित्राभोवती दिसू शकतो. तो डाग समजून परत करायची घाई नको, एकदा धुवून बघा. धुण्यागणिक रंग उतरतो, पण सगळा सारखा उतरतो, त्यामुळे जुना झाला तरी केविलवाणा दिसत नाही.

डीटीएफवर जरा थांबायला हवं, कारण हल्ली कमी नगांत छापलेले बरेच टी-शर्ट याच पद्धतीचे असतात आणि वर्णनात नुसतं ‘हाय क्वालिटी प्रिंट’ लिहिलेलं असतं. चित्र फिल्मवर छापतात, मागे चिकट पावडर वितळवतात आणि उष्ण दाबाने कापडावर बसवतात. रंग अप्रतिम, कापड कोणतंही चालतं. पण रंग भरलेला जेवढा भाग, तेवढी एक अखंड पातळ चकती छातीवर चिकटलेली असते. तिच्यातून हवा जात नाही. छातीवरच्या तीन-चार इंचांच्या चिन्हाला काहीच अडचण नाही. पण अकरा बाय चौदा इंचांचं गच्च भरलेलं चित्र घालून उन्हात तासभर चाललात तर घाम चकतीच्या आत साठतो, आणि बसल्यावर ती पोटाशी एकाच आडव्या घडीवर मोडते. काही धुण्यांनंतर कड सुटायला लागते तीही बहुधा त्याच घडीवर. डीटीएफ घ्यायचाच तर असं चित्र घ्या ज्यात मधेमधे कापड मोकळं सुटलेलं आहे: रेखाचित्र, अक्षरं, ठिपक्यांच्या छटा.

सब्लिमेशनची, म्हणजे उष्णतेने रंगाची वाफ करून तंतूंत मुरवायची छपाई पॉलिएस्टरवरच होते, तीही फिकट रंगावर. तिला भेगा पडत नाहीत, हाताला काहीच लागत नाही. मात्र तयार शिवलेल्या टी-शर्टावर सगळीकडे छापलं असेल तर काखेत आणि शिवणींपाशी, जिथे कापड दुमडलं होतं तिथे, पांढरे ओरखडे राहतात. शिवाय पॉलिएस्टर घामाचा वास धरून ठेवतं. व्यायामाला ठीक, दिवसभराच्या कपड्यांत आम्ही तो धरणार नाही.

एवढं जमलं तरी मापात घोटाळा होतो. बरेच उत्पादक एस ते डबल एक्सएलपर्यंत सगळ्या मापांना एकाच आकाराची जाळी वापरतात, कारण प्रत्येक मापाची जाळी वेगळी करणं परवडत नाही. बारा इंच रुंदीचं चित्र एलवर नीट दिसतं. तेच एसवर, जिथे एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत जेमतेम अठरा इंच असतात, काखेत घुसल्यासारखं दिसतं आणि डबल एक्सएलवर तिकीट चिकटवल्यासारखं. ऑनलाइन फोटोतला मॉडेल कोणतं माप घालून उभा आहे ते वाचा आणि आपल्या मापावर चित्र केवढं दिसेल याचा हिशेब करा. साधा नियम: चित्राची रुंदी काखेपासून काखेपर्यंतच्या मापाच्या निम्म्याच्या आसपास.

उंचीही तितकीच महत्त्वाची. चित्राची वरची कड गळ्याच्या शिवणीपासून सुमारे तीन इंचांवर हवी. पाच इंचांवर गेली की चित्र पोटावर येतं आणि माणूस बसला की घडीत जातं. छाती भरदार असेल तर रुंद, एका ओळीतली अक्षरं टाळा. मधली अक्षरं ताणून फुगतात, कडेची काखेकडे वळतात. त्यापेक्षा दोन-तीन ओळींत मांडलेला मजकूर किंवा गोल, मोकळ्या कडांचं चित्र बरं. आडव्या चौकोनी चौकटीतलं चित्र सगळ्यांत त्रासदायक, कारण चौकटीची सरळ रेष वाकडी झालेली डोळ्याला लगेच दिसते.

आता पेहराव. जीन्सवर नुसता टी-शर्ट घालायचा असेल तर लांबी चेनच्या मध्यापर्यंत पुरते. कॉटन तीन ते पाच टक्के आटतं, म्हणजे २८ इंचांचा टी-शर्ट इंच-सव्वा इंच आखूड होणार हे धरूनच घ्या. खोचायचा असेल तर चित्राची खालची कड कमरेच्या चार बोटं वर हवी. नाहीतर चित्रातल्या माणसाचे पाय पट्ट्यात जातात. चित्र लांब असेल तर टी-शर्ट बाहेर सोडा. फक्त पुढून थोडा खोचणंही इथे चालत नाही, चित्र चुरगळतं. उंच कमरेच्या पँटवर किंवा स्कर्टवर बाजूला गाठ मारायची फॅशन छान दिसते, पण गाठ कोऱ्या कापडाची बांधा. प्लास्टिसॉलच्या छपाईला पीळ बसला की तडे तिथूनच सुरू होतात.

मोकळ्या शर्टाखाली घालणं सगळ्यांत सोपं मानलं जातं आणि सगळ्यांत जास्त फसतं तेही हेच. शर्टाच्या दोन पट्ट्यांमध्ये सहा-सात इंचांची उभी फट दिसते. अकरा इंचांच्या ओळीतला मजकूर त्यात मधलाच उरतो, आणि उरलेल्या अक्षरांचा काय शब्द होईल ते आरशात वाचूनच बाहेर पडा. इथे उभं चित्र, मध्यभागी एकच आकृती किंवा अरुंद मजकूर हवा. डाव्या छातीवरचं छोटं चिन्ह शर्टाखाली पूर्ण झाकलं जातं, तेव्हा तो टी-शर्ट साधाच समजा. वरचा शर्ट एकरंगी असेल तर प्रश्नच नाही. चौकडा घालायचा असेल तर त्यातला एक रंग चित्रात सापडायला हवा.

तोच हिशेब खालच्या कपड्यालाही. चित्रात चार रंग असतील तर पँट त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या रंगाची घेण्याची सवय असते, त्याने गणवेश दिसतो. पँट शांत ठेवा: गडद निळी, राखाडी, खाकी. मग चित्रात जेमतेम दिसणारा एखादा रंग मोज्यात किंवा बुटांत आणा.

ब्लेझर घालायचा तर अस्तर नसलेला, मऊ खांद्यांचा. २४० जीएसएमचा जाड टी-शर्ट आत घातलात तर बाह्या दंडापाशी गोळा होतात. १६०चा, अंगाबरोबर बसणारा आणि गळा न लोंबणारा हवा. बटण लावू नका, कॉलरच्या खाचेत चित्र अर्धं कापलं जातं. ब्लेझरखालचं चित्र एकाच रंगातलं असेल तर जमतंच.

ठळक घोषणेच्या टी-शर्टावर काहीही चढवू नये. १९८४ मध्ये ब्रिटिश डिझायनर कॅथरिन हॅमनेट पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना भेटल्या तेव्हा त्यांच्या अंगावर अण्वस्त्रविरोधी घोषणेचा, मोठाल्या काळ्या अक्षरांचा टी-शर्ट होता. दुरून वाचता यावा म्हणूनच तो तसा छापलेला. असा कपडा घातला की गळ्यात माळ, स्कार्फ, दुसरी नक्षी, काहीच नको.

आडव्या पट्ट्याची बॅग हा छपाईचा छुपा शत्रू. पट्टा रोज एकाच तिरक्या रेषेत घासतो आणि त्या रेषेतच रंग उडतो. मोठ्या छपाईवर पाठीवरची बॅग बरी. पाठीवरच छपाई असेल तर उलट. आणि लांब केस मोकळे सोडले तर पाठीवरचं चित्र तसंही कुणाला दिसत नाही.

धुण्याचं थोडक्यात: उलटा करून, ३० अंशांपर्यंतच्या पाण्यात, चेनवाल्या कपड्यांपासून वेगळा. सावलीत, दोरीवर मधोमध टाकून वाळत घाला. खांद्यांना चिमटे लावले तर ओल्या कापडाच्या वजनाने तो लांबतो. ड्रायरची उष्णता डीटीएफचा गोंद मऊ करते. इस्त्री आतल्या बाजूने. छपाईवर छपाई येईल अशी घडी घालू नका, उन्हाळ्यात बंद कपाटात दोन्ही बाजू चिकटतात.

डीटीएफची कड सुटली असेल तर लगेच दुरुस्त होऊ शकते. टी-शर्ट पूर्ण कोरडा करा, कडक पाटावर पसरा, वर बटर पेपर ठेवून वाफ बंद केलेली मध्यम गरम इस्त्री १०-१५ सेकंद दाबून धरा, सरकवू नका. गार झाल्यावरच कागद काढा. सुटलेल्या कडेखाली धागे आणि लव जाऊन बसली असेल तर मात्र ती पुन्हा चिकटत नाही.