स्टॅश परत घेताना: पॉप, अप्लाय की ब्रँच?

समजा, नाशिकच्या एका छोट्या टीमकडे कांदा लिलावाच्या हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर आहे. लिलावात भाव क्विंटलचा बोलला जातो, तो पट्टीत किलोमागे दाखवायचं काम तुम्ही अर्ध्यावर आणलं. तेवढ्यात मेन ब्रँचवर (कोडच्या मुख्य शाखेवर) तातडीची दुरुस्ती आली, म्हणून बदल गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) स्टॅश केले, म्हणजे कमिट (कायमची नोंद) न करता तात्पुरते बाजूला ठेवले. संध्याकाळी पुल करून (टीमचे नवे बदल आपल्याकडे आणून) पाहता तर त्याच फंक्शनमध्ये सहकाऱ्याने हमाली-तोलाईची कपात घातलेली. आता बदल परत कसे घ्यायचे?

गिट स्टॅश पॉप म्हणजे अप्लाय (बदल लावणं) अधिक ड्रॉप (स्टॅशच्या यादीतून नोंद काढणं). बदल लागले की यादीतली नोंद पुसली जाते. मात्र कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघांचे बदल एकाच जागी भिडले, तर गिट ती नोंद पुसत नाही. त्यामुळे कॉन्फ्लिक्टमध्ये काम गेलं, ही भीती बहुतेक वेळा निराधार असते. गिट स्टॅश लिस्ट चालवा, नोंद तिथेच दिसेल.

म्हणजे कॉन्फ्लिक्ट आल्यावर पॉप आणि अप्लाय यांत काहीच फरक उरत नाही. खरा फरक पडतो तो कॉन्फ्लिक्ट न आल्यावर. तुम्ही एका ओळीत भावाला १००ने भागलं आणि सहकाऱ्याने दहा ओळी खाली तेच केलं, तर गिट दोन्ही बदल मुकाट्याने जोडतं. कोड चालतो, पण २,००० रुपये क्विंटलचा भाव किलोला २० रुपयांऐवजी २० पैसे दिसतो. पॉप केलं असेल तर तोवर मूळ नोंद यादीतून गेलेली असते. अप्लाय केलं असेल तर शेजारी ठेवून ताडून पाहता येते. म्हणून स्टॅश दहा मिनिटांपूर्वीचा आणि ब्रँच तीच असेल तर पॉप पुरे. मधे पुल झालं असेल तर अप्लायच करा, टेस्ट चालवा आणि मगच गिट स्टॅश ड्रॉप.

कॉन्फ्लिक्ट सोडवताना एका जागी हमखास चूक होते. फाइलमध्ये ‘अपडेटेड अपस्ट्रीम’ खाली ब्रँचवरचा कोड असतो आणि ‘स्टॅश्ड चेंजेस’च्या वर तुमचा. पण चेकआउटला --आवर्स दिलं की ब्रँचवरचाच कोड येतो; तुमचा स्वतःचा हवा तर --देअर्स द्यावं लागतं. दोन्हींपैकी कोणताही पर्याय पूर्ण फाइल एका बाजूची करतो, म्हणजे इथे किलोचा भाव तरी जाईल नाहीतर हमालीची कपात तरी. दोन्ही हवं असेल तर हातानेच जुळवा, मग गिट अ‍ॅड. कॉन्फ्लिक्ट न आलेल्या फाइली आधीच स्टेज झालेल्या (पुढच्या कमिटसाठी निवडलेल्या) असतात, तेव्हा कमिटपूर्वी गिट स्टेटस वाचा. सगळं झाल्यावर स्टॅश ड्रॉप आठवणीने करा. नाहीतर आठवड्याने तुम्हीच तोच जुना स्टॅश पुन्हा लावाल.

पॉप आणि अप्लाय दोघांचाही मोठा उणेपणा म्हणजे त्यांना अबॉर्ट (अर्ध्यावर रद्द करून मागे फिरण्याची सोय) नाही. गिट मर्ज --अबॉर्ट इथे चालत नाही, कारण गिटच्या लेखी मर्ज सुरूच नसतो. मागे फिरायला गिट रिसेट --हार्ड उरतं, आणि ते ट्रॅक केलेल्या इतर फाइलींतले कमिट न केलेले बदलही पुसतं. ते स्टॅशमध्ये नव्हतेच, त्यामुळे ते मात्र खरोखर जातात. म्हणून स्टॅश लावण्याआधी वर्किंग डिरेक्टरी स्वच्छ ठेवा.

स्टॅश जुना असेल किंवा चार-पाच फाइलींत कॉन्फ्लिक्ट येईल असं दिसत असेल, तर तिसरा मार्ग सर्वांत सुरक्षित: गिट स्टॅश ब्रँच आणि पुढे नव्या ब्रँचचं नाव. ज्या कमिटवर स्टॅश केला होता तिथूनच ब्रँच निघते, त्यामुळे बदल जसेच्या तसे बसतात, स्टेज केलेले स्टेजमध्येच राहतात. यशस्वी झाल्यावर नोंद पुसली जाते, म्हणून लगेच कमिट करा. मग मेन मर्ज करा. कॉन्फ्लिक्ट तेव्हा येईलच, पण आता हाताशी अबॉर्ट असतं आणि तुमचं काम कमिटमध्ये सुरक्षित असतं. एक ब्रँच वाढते, तेवढाच खर्च.

गिट अजून ट्रॅक करत नसलेल्या नवीन फाइली -यू देऊन स्टॅश केल्या असतील आणि त्याच नावाची फाइल तिथे आधीच असेल, तर तिन्ही मार्ग अडतात. ती फाइल बाजूला हलवा आणि पुन्हा लावा.

नोंद चुकून ड्रॉप झालीच, तर टर्मिनल बंद करू नका. ड्रॉपच्या संदेशात कमिटचा हॅश (त्याची ओळख असलेली अक्षर-अंकांची ओळ) छापलेला असतो; गिट स्टॅश अप्लाय आणि तो हॅश दिला की बदल परत येतात. हॅश हाती नसेल तर गिट एफएससीके --अनरीचेबल --नो-रिफ्लॉग चालवून निघालेले कमिट गिट शो लावून तपासा. मूळ सेटिंगमध्ये गिटची साफसफाई २ आठवड्यांहून जुने अनाथ ऑब्जेक्ट (कोणत्याही ब्रँच वा नोंदीतून न पोचता येणारे कमिट, फाइली) काढून टाकते, आणि हे वय ड्रॉपच्या दिवसापासून नाही, तर ऑब्जेक्ट डिस्कवर शेवटचा लिहिला गेल्यापासून मोजलं जातं. महिनाभर पडून असलेला स्टॅश आज ड्रॉप केला तर तो पुढच्याच साफसफाईत जाऊ शकतो.