खजुरी बाजारातून घेतलेलं मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल (5 पैकी 4)

इंदूरला राजवाड्याजवळ खजुरी बाजारात मुलीची गाइडं घ्यायला गेले होते, तिथे एका छोट्या दुकानात हे दिसलं. दुकानदार म्हणाला "मराठी में एक ही कॉपी बची है दीदी", 400 रुपये दिले आणि घेऊन आले. आम्ही ख्रिस्ती नाही, पण मला त्यातली स्तोत्रं वाचायची होती, 150 आहेत. कारण सांगते, आमच्या काकांच्या घराची केस 11 वर्षं चाललीये आणि समोरचा माणूस दर तारखेला हसत येतो, काकूला तोंडावर म्हणतो माझं काही वाकडं होणार नाही.

दहावं स्तोत्र उघडलं तर तोच माणूस समोर उभा! 18 वचनं (म्हणजे आकडा घातलेल्या ओळी) आहेत आणि त्यात चार वेळा दुष्ट माणूस मनात काय म्हणतो ते कवी ऐकवतो, देव नाहीच, मी ढळणार नाही, देव विसरलाय, तो जाब विचारणार नाही. आणि सुरुवात कशी, तर थेट देवालाच की तू लांब का उभा आहेस, संकटात लपतोस का. जनाबाई, तुकोबा विठ्ठलाशी भांडतात ना, अगदी तसं वाटलं मला.

पण खरं सांगू का, 73वं वाचाच, आसाफ नावाच्या जुन्या मंदिर-गायकाच्या नावावर आहे. तो आधी कबूल करतो की गर्विष्ठ लोकांची भरभराट बघून मला हेवा वाटला, माझा पाय घसरणारच होता. मग त्यांचं वर्णन, गर्व म्हणजे गळ्यातला हार, जुलूम म्हणजे अंगावरचं वस्त्र, आणि हे सगळं चालतच राहतं चालतच राहतं, 17व्या वचनात तो देवाच्या पवित्रस्थानात जातो तेव्हा कुठे त्याला त्यांचा शेवट कळतो. आणि लगेच पुढच्याच वचनात निसरड्या जागेवर कोण, तर ते! आधी घसरत होता कवी. हे लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून काकूला फोन केला, वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही.

आता छपाईचं. अक्षरं खरंच मोठी, चष्म्याशिवाय वाचता येतात. कागद फार पातळ, मागचं उमटतं. एक स्टार कापला तो दोन कॉलमसाठी, कारण या कवितेत यमक नसतं, एक ओळ म्हटली की दुसरी तेच वेगळ्या शब्दांत म्हणते, त्यावरच सगळा ठेका, आणि अरुंद कॉलममध्ये ती जोडी मोडते. नववं-दहावं जुन्या ग्रीक भाषांतरात एकच स्तोत्र आहे, मूळ हिब्रू भाषेत दोन्हींत मिळून वर्णमालेतल्या अक्षरांच्या क्रमाने ओळी सुरू होतात (मधे तुटतो तो क्रम), त्याची एक तळटीप तरी द्यायची ना. भाषा जुन्या वळणाची आहे पण मोठ्याने वाचलं की छान लागते.

काकूसाठी अजून एक प्रत सांगून ठेवलीये, दुकानदाराने नंबर लिहून घेतलाय.