वाड्याची दर्शनी भिंत आणि चुन्याचे काम : एका दुरुस्ती सेवेचे परीक्षण

जुन्या वाड्यांची बाहेरून डागडुजी करून देणारे ठेकेदार आता बरेच झाले आहेत. परंतु त्यांतील अनेकांचे ‘चुन्याचे काम’ म्हणजे सिमेंटच्या गिलाव्यावर दिलेली सफेती असते. वाईतील आमच्या वाड्याची दर्शनी भिंत ज्यांनी दुरुस्त केली, त्यांना चुना खरोखर कळतो. सुतारकामाबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. हे परीक्षण कामाचे आहे, जाहिरात नव्हे. म्हणून नाव देत नाही.

भिंतीचे जोते घडीव काळ्या दगडाचे आणि वरचे बांधकाम पातळ विटांचे आहे. मागील पिढीत केव्हातरी दरजांमध्ये, म्हणजे दगड-विटांमधील सांध्यांत, सिमेंट भरले गेले व खालच्या भागाला सिमेंटचा गिलावा झाला. जमिनीतून चढणारी ओल चुन्याच्या दरजांतून सहज बाहेर पडते. सिमेंटने ती वाट अडवल्यावर ओल विटेतून बाहेर येऊ लागली, पाणी उडून गेल्यावर क्षार विटेच्या पृष्ठभागालगत साचले आणि लोणा लागून विटांचा भुगा होऊ लागला. विटा आत गेल्या होत्या आणि सिमेंटच्या दरजा मात्र तशाच पुढे उभ्या होत्या. अशा भिंतीवर जलरोधक रंग मारण्याचा सल्ला आम्हाला एकाहून अधिक ठिकाणी मिळाला होता; तो मानला असता तर उरलीसुरली वाटही बंद झाली असती.

या गवंड्यांनी विजेवर चालणारे यंत्र भिंतीला लावू दिले नाही. सिमेंट छिन्नी-हातोडीने काढले आणि जेथे ते काढताना वीटच फुटली असती, तेथे ते तसेच राहू दिले. काय सोडून द्यायचे याची ही समज मला त्यांच्या सफाईपेक्षाही मोलाची वाटली. नवीन मिश्रण ठरवण्याआधी त्यांनी जुन्या चुन्याचा तुकडा सौम्य आम्लात विरघळवून खाली उरलेली वाळू व सुर्खी (विटांची पूड) चाळून पाहिली आणि तशाच जाडीची वाळू निवडली. चुना कळीचा होता, म्हणजे आय. एस. ७१२ या भारतीय मानकातील ‘सी’ वर्गाचा, जो स्वतःहून पाण्यात घट्ट होत नाही. म्हणून त्यात विटांची सुर्खी घालणे आवश्यक होते. तो टाकीत विरवून पुरेसा काळ पाण्याखाली मुरू दिला गेला. गूळ आणि बेलफळाचे पाणी केवळ शेवटच्या थरात वापरले. या दोन पदार्थांचे गोडवे हल्ली फार ऐकू येतात. कच्चा राहिलेला चुना आणि मातकट वाळू असेल, तर गुळाने काहीही साधत नाही.

कौलांचे कामही विचारपूर्वक झाले. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढल्यानंतर पसरलेल्या या कौलांचे माप कारखान्यागणिक किंचित बदलते आणि नवे कौल जुन्याच्या खाचेत नीट बसत नाही. त्यांनी धड असलेली सर्व जुनी कौले रस्त्याकडील पाखीवर एकत्र केली व नवी मागच्या पाखीवर घातली. दर्शनी रूप टिकले आणि गळतीही थांबली.

सागवानी सज्जाचे काम त्यांनी दुसऱ्याकडे सोपवले, आणि तेथेच दर्जा घसरला. तैलरंगाचे जुने थर काढण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरला गेला, नंतर लाकूड पुरेसे धुतले गेले नाही. परिणामी कोरीव महिरपीवर काळे डाग पडले आहेत आणि जवसाचे तेल काही ठिकाणी नीट मुरलेले नाही. तक्रार केल्यावर दुरुस्तीचे आश्वासन मिळाले, दुरुस्ती अद्याप झालेली नाही.

दुसरी उणीव वेळापत्रकाची. चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्याला गोणपाटाची ओल आणि सौम्य हवा लागते; म्हणून हे काम दसऱ्यानंतर सुरू होऊन थंडीतच आटोपायला हवे. आमच्याकडे सुरुवातच उशिरा झाली आणि पश्चिमेकडील टोकाचा गिलावा होळीच्या सुमाराच्या उन्हात सापडला. तेथे केसासारख्या बारीक भेगा दिसतात. त्या त्यांनी विनामूल्य भरून दिल्या, ही गोष्ट नोंदवायला हवी.

खर्च सिमेंटच्या कामापेक्षा बराच जास्त आला आणि तो मुख्यतः मजुरीचा होता. दगड-विटांच्या भिंतीसाठी मी यांनाच पुन्हा बोलावीन. लाकडासाठी वेगळा सुतार स्वतः निवडावा, त्याचा करार वेगळा ठेवावा आणि भिंतीच्या एखाद्या कोपऱ्यात नमुन्याचा गिलावा आदल्या वर्षीच करून घेऊन एक पावसाळा जाऊ द्यावा. तो कसा टिकला हे पाहूनच उरलेल्या भिंतीचा आगाऊ पैसा द्यावा.